दोर देवाचा, हात माझे

माझं लग्न ठरायच्या आधी माझ्या वडिलांनी या घराची चौकशी केली होती. लोकांनी सांगितलं, "माणसं चांगली आहेत. दोर वळतात, पोटापुरतं कमावतात. पण एक खोड आहे. घरात कुणी कुणावर रुसलं की काम बंद ठेवतात." वडील खो खो हसले. म्हणाले, "मग आमची पोर तिथे गेल्यावर यांचा धंदा बसलाच म्हणून समजा."

धंदा बसला नाही. पण नऊ वर्षांत माझ्या रुसण्याने या घराचे किती दिवस फुकट गेले ते मी सांगणार नाही. सासूबाईंना विचारा, त्यांना सगळं तारीखवार पाठ आहे.

आमच्याकडे दोर वळायचा असला की सकाळी सगळे छपराखाली बसतात. तागाची एक पेंढी मध्ये ठेवतात आणि तिच्यावर सगळ्यांचे हात. सासरे प्रार्थना म्हणतात. फार लांब नसते, कपातला चहा निवायच्या आत आटपते. मग घरातला सगळ्यात लहान आपल्याहून मोठ्याला विचारतो, "मनात काही?" मोठ्याने खरं उत्तर द्यायचं. तो "काही नाही" म्हणाला की त्याने त्याच्याहून मोठ्याला विचारायचं. धाकट्या दिरापासून निघालेला प्रश्न माझ्याकडे येतो, माझ्याकडून माझ्या नवऱ्याकडे, तिथून सासूबाईंकडे. सासऱ्यांना कुणी विचारत नाही. ते वर बघून आपलं आपणच म्हणतात, "काही नाही, देवा." मग चाक फिरतं.

कुणी "आहे" म्हणालं, तर चाक बंद. ताग विंचरा, हत्यारं घासा, छप्पर शाकारा, पण दोराला पीळ घालायचा नाही. मनातलं निघेपर्यंत नाही. मग मागणी कितीही मोठी असो.

हा नियम सासऱ्यांच्या वडिलांनी घालून दिला. ते म्हणत, हे देवाने सांगितलंय. मी नवी होते, जीभ लांब होती. मी सासऱ्यांना विचारलं, "देवाने कधी सांगितलं, बाबा? कसं सांगितलं?" ते ताग विंचरत होते. मान वर न करता म्हणाले, "दोराला धरून माणूस विहिरीत उतरतो. दोराला धरून नदी ओलांडतो. ज्याच्या हातात राग आहे त्याने दुसऱ्याचा जीव हातात घेऊ नये. एवढं कळायला देवाने खाली उतरून यायला पाहिजे का?" मी दुसरी पेंढी ओढून विंचरायला बसले. पटलं म्हणून नव्हे, हात रिकामे होते म्हणून.

यंदा नदी लवकर चढायला लागली. पैलतीरावर जायला आमच्या गावाला पूल नाही, नाव आहे. दोन्ही काठांना दोर ताणलेला असतो आणि त्या दोराला धरून नावाडी नाव ओढत नेतो. तो दोर आमच्या घरचा. तीन पिढ्या आमच्याच घरचा. जुन्या दोराला सहा वर्षं झाली होती आणि मधल्या भागात तो केसाळ झाला होता. नावाडी एका सकाळी आला, छपराखाली उकिडवा बसला आणि म्हणाला, "म्हातारबा, पाणी पहिल्या पायरीला लागलंय. दोराचा खुंट पाचव्या पायरीवर. आठ दिवस आहेत. पाणी खुंटाला आलं की काठावर उभं राहून दोर बांधता येणार नाही, मग चार महिने पैलतीर बंद."

"सहा दिवसांत देतो," सासरे म्हणाले.

"बाजारात प्लॅस्टिकचा तयार मिळतो. माझा मुलगा म्हणतो तो घ्या. मी म्हटलं, नाही, आपलं घर सोडायचं नाही." नावाडी उठला आणि कपडे झटकत म्हणाला, "फक्त या आठ दिवसांत तुमच्याकडे कुणी रुसू नका म्हणजे झालं."

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्याच दिवशी माझंच घर रुसलं.

दोर कसा होतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे भांडण कळेल. अंगणापासून ओढ्यापर्यंत आमची तीनशे हातांची सरळ पट्टी आहे. एका टोकाला चाक, चाकाला तीन आकडे. आकड्यांना तीन पदर अडकवायचे. त्यांची दुसरी टोकं पट्टीच्या त्या अंगाला, दगड ठेवलेल्या एका फळीला. मग त्या तिघांच्या मध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरायचा आणि फळीकडून चाकाकडे चालत यायचं. चाक फिरत राहतं, ठोकळ्याच्या मागे तीन पदर एकमेकांना मिठी मारतात आणि तीनशे हातांच्या पदरांचा दोनशे हातांचा दोर होतो. ठोकळा भरभर सरकला तर पीळ सैल, हळू सरकला तर दोर ताठर होऊन मुरडतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, सगळं तळहाताला कळतं. म्हणून ठोकळा ज्याच्या हातात, तो घराचा कारागीर. चाक काय, कुणीही फिरवतं. मीसुद्धा फिरवते.

ठोकळा चाळीस वर्षं सासऱ्यांच्या हातात होता. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. तेव्हापासून विहिरींचे लहान दोर दोघे भाऊ वळत. पेला धरला की पाणी हिंदकळतं. कुणी त्यावर बोलत नव्हतं, फक्त सासूबाई पेला अर्धाच भरून द्यायला लागल्या होत्या.

त्या सकाळी प्रार्थनेच्या आधी सासऱ्यांनी ठोकळा मांडीवर घेतला, फडक्याने पुसला आणि म्हणाले, "हा दोर माझ्याने व्हायचा नाही. ठोकळा धाकटा धरेल."

माझा नवरा थोरला. बारा वर्षं बापाच्या मागे मागे त्या पट्टीवर चाललेला. मी यांच्याकडे बघितलं. चेहरा कुणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला होता.

"मिरव आता," हे भावाला म्हणाले.

दीर बावीस वर्षांचा. या वयात माणसाला गप्प बसणं ठाऊक नसतं. तो म्हणाला, "मी मागितला नव्हता, दादा. पण तुझा पीळ सैल पडतो, हे मी एकटाच नाही म्हणत. विहिरवालेही म्हणतात."

एवढं बोलणं झालं आणि लगेच पेंढीवर हात ठेवायची वेळ झाली. प्रार्थना झाली. दिराने मला विचारलं, "वहिनी, मनात काही?" मी दातांवर दात ठेवून म्हटलं, "आहे. तुम्ही माझ्या नवऱ्याला चार माणसांत उणं बोललात." सासऱ्यांनी डोळे मिटले. प्रश्न तिथेच थांबायला हवा होता, पण हे आपणहून म्हणाले, "माझ्याही आहे. भरपूर आहे."

"चाक बंद," सासरे म्हणाले आणि उठून गेले.

पहिला दिवस सगळ्यांनी ताग विंचरला. खिळ्यांच्या फळीवरून पेंढी ओढायची, पुन्हा ओढायची. बोटांना कुसळं टोचतात, नाकात धूळ जाते, आणि बोलायला तोंड नसलं की ते काम आणखी लांबतं. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मी माझ्या दिराला जेवण वाढलं ते ताट आपटून. दुसऱ्या दिवशी पाणी दुसऱ्या पायरीवर आलं. मी बाजारात मीठ आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "काय वहिनी, आज मनात काही?" आणि दुकानातली चार माणसं फिदीफिदी हसली. दारात प्लॅस्टिकच्या दोराची निळी भेंडोळी रचून ठेवली होती. मी मीठ न घेताच परत आले. लाजही वाटली आणि रागही आला. लोकांचा कमी, आमचाच जास्त.

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही तरी सांगा ना बाबांना. एवढ्या वेळेपुरता नियम बाजूला ठेवा म्हणावं. देव काय पट्टीवर येऊन बघतोय?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मी एकदा अकरा दिवस अबोला धरला होता. तुझ्या सासऱ्यांनी माझ्या भावाला वाईटसाईट म्हटलं होतं. अकरा दिवस चाक बंद. घरात खायला नव्हतं. माझ्या पोटात हा थोरला होता. बाराव्या दिवशी हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चुकलं माझं. सरळ म्हणाले. नियम नसता ना, तर हा माणूस जन्मात तसं म्हणाला नसता. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी यांची जात." मग लसणाची टरफलं फुंकून उडवत म्हणाल्या, "देव बघतो की नाही मला ठाऊक नाही. पण त्याचं ऐकल्यामुळे माझा संसार झाला, एवढं ठाऊक आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी यांच्याजवळ जाऊन बसले. हे एकटेच जुन्या दोराचा तुकडा हातात घेऊन बसले होते. मागच्या साली यांनी स्वतः वळलेला, विहिरवाल्याने परत केलेला. मी विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"खरंच सैल पडतो का हो तुमचा पीळ?"

मग दोराच्या तुकड्याला उलटा मुरडा देऊन यांनी माझ्यासमोर धरला. पदरांच्या मध्ये माझी करंगळी गेली असती.

"पडतो," हे म्हणाले.

नवरा हरलेला बघायला कुठल्या बायकोला आवडतं? पण त्या दुपारी मला माझ्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नातही वाटला नव्हता. हे उठले, भिंतीवरचा ठोकळा काढला आणि ओढ्याकडे निघाले. दीर तिथे फळीवरचे दगड उगाच इकडचे तिकडे करत होता. मी मागे मागे गेले. बायकांनी अशा वेळी मागे राहायचं असतं म्हणे, पण मला राहवलं नाही.

"हे घे," हे म्हणाले. "माझा हात चालतो, पण थांबत नाही. तुझा थांबतो. बाबांनी बरोबर केलं."

दिराने ठोकळा घेतलाच नाही. त्याने आधी भावाच्या खांद्यात तोंड खुपसलं. "दादा, मी विहिरवाल्यांचं नाव उगाच घेतलं. एकच जण म्हणाला होता."

"एकच का?" हे म्हणाले. "मग दुसरा मला म्हणाला असेल."

मी तिथेच हसले आणि माझंही मनातलं गेलं. संध्याकाळी ताट आपटलं नाही, त्याला दोनदा वाढलं.

चौथ्या दिवशी सकाळी प्रश्न चढत चढत वर गेला आणि कुठेच अडकला नाही. सासरे वर बघून म्हणाले, "काही नाही, देवा." चाक फिरलं. सूत कातून ठेवलेलं होतंच. दोन दिवस पदर करण्यात गेले. मी आणि सासूबाई आलटून पालटून चाकावर, हे फळीवर, दीर पट्टीवर धावत पदर ओले करत होता. सासरे आकड्यांजवळ स्टूल टाकून बसून होते आणि "हळू", "हं", "थांब" एवढंच बोलत होते. सहाव्या दिवशी ठोकळा लागला.

दिराने पदर खाचांत बसवले, ठोकळा दोन्ही हातांत धरला आणि चालायला लागला. खरं तर त्याला चालणं म्हणायचं नाही. पाऊल उचलायचं आणि तळहात हो म्हणेपर्यंत टेकायचं नाही. सकाळी निघाला तो ऊन कलल्यावर चाकापाशी पोचला. मध्ये पाणी प्यायला नाही, घाम पुसला तो मी पुसला. मागे दोर तयार होत होता, मनगटाएवढा जाड, एकसारखा. माझे हे तर फळी सोडून त्या दोराकडे बघतच राहिले. चाकाशी आल्यावर दिराने ठोकळा सोडला तेव्हा दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

तेवढ्यात नावाडी आला. पाणी तिसरी पायरी ओलांडून गेलं होतं आणि तो दिवसातून दोनदा येऊन बघत होता. त्याने दोर हातात घेतला, मुरडला, वास घेतला, नखाने दाबला.

"म्हातारबा!" तो ओरडला. "चाळीस वर्षांत तुमच्या घरून असा दोर गेला नाही!"

आता इथे एक रीत आहे. दोर ज्याने घ्यायचा तो विचारतो, "दोर कोणाचा?" आणि ज्याच्या हातात ठोकळा होता तो उत्तर देतो, "दोर देवाचा, हात माझे." म्हणजे तुटला तर दोष माझा. एवढं बोलल्याशिवाय आमचा दोर दिला असं कुणी धरत नाही.

नावाड्याने विचारलं, "दोर कोणाचा?"

सासरे स्टुलावरून उठले. "दोर देवाचा," ते म्हणाले, "हात माझे."

चाळीस वर्षं म्हणत आले होते, तोंडाला सवय. माझे हे दोर गुंडाळत होते, सासूबाई चाकाला तेल देत होत्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. दिराच्याही आलं असावं, कारण तळहात पाण्यात बुडवता बुडवता तो क्षणभर थांबला. मग काही झालंच नाही असं दाखवून त्याने हात पाण्यात घातले. नावाडी म्हणाला, "उद्या सकाळी चार माणसं घेऊन येतो," आणि गेला. सासरे न जेवता झोपले. सासूबाईंना वाटलं, थकले असतील.

सातव्या दिवशी उजाडल्यावर आम्ही चहा घेत होतो. दोर वेटोळं करून छपराखाली ठेवला होता. सासरे आले, त्यांनी तागाची एक पेंढी आणली आणि मध्ये ठेवली.

"आज काय वळायचंय, बाबा?" यांनी विचारलं.

"बसा सगळे." आम्ही बसलो. प्रार्थना झाली. दिराने मला विचारायला तोंड उघडलं तसे सासरे म्हणाले, "तिला नको. मला विचार."

दीर गोंधळला. त्या घरात सासऱ्यांना तो प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "बाबा, मनात काही?"

"आहे," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी पेंढीवरचा हात काढला.

"काल तू चालत होतास आणि मी स्टुलावर बसून चूक शोधत होतो," सासरे म्हणाले. "सकाळी मी देवाला सांगितलं, मनात काही नाही. तेव्हाच होतं. मला वाटत होतं, याचा दोर बिघडावा. थोडा तरी बिघडावा. म्हणजे लोक म्हणतील, म्हाताऱ्याची सर नाही. आणि बिघडला नाही तेव्हा तुझे हात मी माझे म्हणून सांगितले." उजवा हात थरथरत होता, तो त्यांनी डाव्याने धरला. "पोटच्या पोराचा हेवा केला मी. हा दोर जायचा नाही. उलगडायचा."

एकदम सगळे बोलायला लागले. हे म्हणाले, "बाबा, हातच्या काकणाला आरसा कशाला? दोर समोर आहे. मनात तुमच्या होतं, दोरात नाही!"

"तुझ्या मनात होतं तेव्हा तीन दिवस चाक कुणी थांबवलं?"

"तुम्ही."

"मग माझ्यासाठी नियम निराळा आहे का? तुम्हाला देवाची आज्ञा आणि मला सवलत?"

मी म्हटलं, "पण बाबा, पाणी चौथ्या पायरीला लागलंय." ते म्हणाले, "मला ठाऊक आहे, पोरी. मला पोहता येतं, पण आज मी घाबरलोय." नऊ वर्षांत हा माणूस घाबरलाय असं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात नावाडी चार माणसं घेऊन दारात. त्याला सांगितल्यावर तो कपाळावर हात मारून घेईल एवढंच आम्हाला वाटलं होतं, पण तो भडकलाच. "दोर चांगला आहे की नाही, एवढं सांगा!"

"चांगला आहे," सासरे म्हणाले.

"मग?"

"मी चांगला नव्हतो."

नावाड्याने नदीकडे बोट केलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी पाणी खुंटाला लागेल. उद्या उजाडता दोर नाही मिळाला तर मी बाजारातून निळा आणतो, आणि तीन पिढ्यांचं आपलं संपलं." आणि चार माणसांना घेऊन तरातरा गेला.

सासूबाई उठल्या. पदर खोचला. "बघत काय बसलात? उलगडा."

नवा दोर एकदा उलगडून पुन्हा वळता येतो. दुसऱ्यांदा नाही, मग तागाचा जीव जातो. म्हणजे आमच्याकडे एकच डाव होता. आम्ही दोर पट्टीवर पसरला आणि टोकापासून तिन्ही पदर सोडवायला सुरुवात केली. हे आणि दीर पदर मोकळे करत मागे सरायचे, मी आणि सासूबाई मागोमाग येत ते ताणून धरायचो. सासरे दोराला लागून चालत होते. दोराचा प्रत्येक हात उलगडण्याआधी त्यांच्या तळहाताखालून जायचा. आधी मला वाटलं, उगाच आधाराला धरलाय. मग दिसलं, ते तपासत होते. अंगठ्याने पीळ दाबायचे, थांबायचे, पुढे जायचे. हात थरथरत होता पण अंगठा थरथरत नव्हता.

पन्नास हात झाले, शंभर झाले. दीर खाली मान घालून काम करत होता, तळहातांना फडकी बांधलेली होती आणि फडक्यांवर लाल डाग उमटले होते. चाकापाशी शेवटचे चार हात उरले तेव्हा सासरे थांबले. त्यांनी तो तुकडा दोन्ही मुठींत धरला. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

"एक चूक नाही," ते म्हणाले. "दोनशे हातांत एक चूक नाही रे. काल मी लांबून शोधत होतो. आज हाताने शोधली. नाहीच." मग मोठ्याने, पट्टीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझा मुलगा आहे!"

दिराने भावाकडे बघितलं. भावाने नाक ओढलं आणि म्हणाला, "विचार आता."

"बाबा, मनात काही?"

सासऱ्यांनी डोळे मिटून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आहे म्हणाले तर संपलं सगळं, आणि मनात असेल तर हा माणूस आहेच म्हणेल.

"काही नाही," ते म्हणाले. वर बघून पुन्हा म्हणाले, "काही नाही, देवा. या वेळी खरंच नाही."

मग ते चाकापाशी गेले आणि दांड्याला हात घातला. मी म्हटलं, "बाबा, चाक मी फिरवते." ते म्हणाले, "सर बाजूला. चाकाला थरथरता हात चालतो." चाळीस वर्षांत ज्या माणसाने चाकाला हात लावला नव्हता तो अंधार पडेपर्यंत चाक फिरवत राहिला. मध्ये मी बळजबरीने दोनदा त्यांची सुटका केली. धाकटा ठोकळा घेऊन निघाला. आदल्या दिवशीपेक्षा हळू, फडकी बांधलेल्या हातांनी. तो चाकाकडे येत होता आणि सासरे त्याच्याकडे बघत होते, आणि आज ते बघणं वेगळं होतं, हे मला सांगता येतं, समजावता येत नाही.

आठव्या दिवशी उजाडता दोर घेऊन आम्हीच घाटावर गेलो. पाणी पाचव्या पायरीच्या कडेला टेकलं होतं. नावाडी आणि त्याची माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि दोर खुंटाला बसला. दुसरं टोक घेऊन ते कसेबसे पैलतीरी गेले, तिथे ताणून बांधलं आणि परत आले. गाव गोळा झालं होतं. मिठाचा दुकानदारही होता. त्याच्याकडे मी मुद्दाम बघितलं.

नव्या दोरावरची पहिली फेरी दोर वळणाऱ्या घराची असते. हीही आमचीच रीत. सहा वर्षांपूर्वी मी त्या फेरीत डोळे गच्च मिटून बसले होते आणि सगळ्या देवांना नवस बोलले होते. या वेळी डोळे उघडे होते. आम्ही पाचही जण नावेत बसलो. पाणी गढूळ आणि माजलेलं, नाव एका अंगाला कलत होती, आणि मधोमध आल्यावर दोर असा ताणला की त्यातून पाण्याचे थेंब उडाले. तो कुरकुरला, पण सरकला नाही. दोर धरून बसलेल्या नावाड्याने मान वळवली.

"बोला," तो म्हणाला. "दोर कोणाचा?"

धाकट्याने वडिलांकडे बघितलं. सासऱ्यांनी त्याचा फडकं बांधलेला हात वर धरला, काठावरच्या सगळ्या गावाला दिसेल असा.

"दोर देवाचा," ते म्हणाले. "हात याचे. चाक माझं."

"आणि ताग?" सासूबाई म्हणाल्या. "तो कुणी विंचरला?"

"ताग थोरल्याचा आणि सुनेचा. पदर हिचे."

"आता एवढं लांबलचक दर वेळी म्हणायचं का?" नावाडी कुरकुरला आणि जोर लावून त्याने नाव पुढे ओढली.

"म्हणायचं," सासरे म्हणाले.